ढेकणांवरचे घरगुती उपाय : घरच्या घरी पारख कशी करायची

गेल्या वर्षी आमच्या घरी लग्न झालं. पाहुण्यांसाठी भाड्यानं बिछायत आणली होती. गाद्या चार दिवसांनी परत गेल्या, त्यांच्यातून आलेले ढेकूण मात्र घरातच राहिले. महिन्याभरात ते सासूबाईंच्या बाजेच्या सुतळीत, दिवाणाच्या फळ्यांत आणि भिंतीच्या पोपड्यांमागे दिसायला लागले. लेकरं रात्री उठून रडायची.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या काकूंनी निंबाचा पाला गादीखाली घालायला सांगितला, जाऊबाईंनी डांबरगोळ्या, कोणी कापूर, कोणी चुना. एकानं तर कपाशीवर मारायचं औषधच आणून देतो म्हटलं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, "आमच्याकडचे तर पार गेले." आम्ही दोन महिने सगळं आलटून पालटून करून पाहिलं. शेवटी कशानं फरक पडला, की पडलाच नाही, हे कोणालाच सांगता येईना.

पारख करायची रीत आमच्या घरातच होती. दरवर्षी पेरणीआधी आमच्याकडे सोयाबीनची उगवण तपासतात. १०० दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजायचं. ७० च्या वर गेले तर पेरायचं. शेजाऱ्याच्या शब्दावर कोणी पाच एकर पेरत नाही. ढेकणांच्या उपायांनाही हीच मोजणी लावता येते. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी केलेली पद्धत चुका दुरुस्त करत करत बसवली, ती इथं देते आहे.

काय तपासायचंच नाही

पारख करायची म्हणून वाटेल ते घरात आणू नका. शेतातली कीटकनाशकं झोपण्याच्या खोलीसाठी नसतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि ते तर उघड्या वावरात होते. तेच औषध गादीला लावलं की लेकरू रात्रभर त्यावर झोपणार.

धान्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या याहून घातक आहेत. हवेतल्या ओलाव्यानं त्यांच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. ही गोळी झोपायच्या खोलीत, बाजूच्या खोलीत, माडीवर, कुठंही ढेकणांसाठी ठेवू नका.

रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट अंगावर पडलं तर काही ढेकूण मरतात, पण सुतळीची बाज आणि कापसाची गादी पेटायला एक ठिणगी पुरते. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे उवांसाठी वापरतात, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. म्हणून माझ्या यादीत ती नाही. डांबरगोळ्यांचंही जपून. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानंही फुटू शकतात. तान्हं बाळ असलेल्या घरात त्या कपड्यांत आणि अंथरुणात नकोतच.

पारखीपुरती ढेकणाची ओळख

ढेकूण फक्त रक्त पितो. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर निम्मे उपाय तपासण्याआधीच बाद करता येतात. बोरिक पावडर झुरळाला मारते, कारण झुरळ पाय चाटतं आणि पावडर त्याच्या पोटात जाते. ढेकूण ती खात नाही, म्हणून त्याला तिचा उपद्रव होत नाही. पिकावर ५ टक्के निंबोळी अर्क चालतो, कारण अळी फवारलेलं पान खाते. ढेकूण गादी खात नाही. निंबाच्या तेलाचा अंगावर पडून काही परिणाम होत असेल, तर तो वेगळा तपासावा लागतो.

मादी रोज एक ते पाच अंडी घालते. ती पांढरी, साधारण १ मिलिमीटरची आणि चिकटलेली असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. मोठा ढेकूण काही न पिता महिनोन्‌महिने जगू शकतो. आज दिसेनासे झाले म्हणजे संपले, असं धरायला यात कुठंच जागा नाही.

दुसऱ्या घरी चाललेला उपाय तुमच्याकडे चालेलच असंही नाही. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव डीडीटी हे कीटकनाशक मारलं गेलं. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही मेले, म्हणून लोक फवारणीवाल्यांना आनंदानं घरात घेत. नंतर डीडीटीला न जुमानणारे ढेकूण उरले आणि त्यांचीच पैदास वाढली. हवाई बेटांवर तर हे १९४७ सालीच नोंदलं गेलं होतं. पारख आपल्याच घरातल्या ढेकणांवर करायची, ती यासाठी.

ढेकूण पकडणं आणि बरण्या लावणं

पहाटे दोन ते चारच्या दरम्यान बॅटरी आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन बसा. गादीची शिवण, बाजेच्या खुरांचे सांधे, सुतळीच्या गाठी, दिवाणाचे खिळे बघा. काळे ठिपके दिसतील त्याच्या आसपास ते असतातच. चिमटीत धरू नका, चिरडतात. चित्रकलेच्या बारीक ब्रशनं पोस्टकार्डवर ढकला आणि काचेच्या बरणीत झटका.

बरणीत खरखरीत कागदाची घडी घातलेली पट्टी ठेवा. लपायला जागा नसेल तर ते नुसतेच हिंडून थकतात. तोंडाला दाट विणीचं सुती कापड रबरानं घट्ट बांधा. मच्छरदाणीचं कापड चालत नाही, नुकतं जन्मलेलं पिल्लू त्यातून निघून जातं. सगळ्या बरण्या साबणाचं पाणी भरलेल्या परातीत, सावलीत आणि लेकरांच्या हाताबाहेर ठेवा. बरण्यांवर चिठ्ठ्या लावा. माझ्या पहिल्या खेपेला दोन बरण्या अदलाबदल झाल्या आणि आठवड्याची मेहनत वाया गेली.

पकडल्यावर लगेच तपासायला घेऊ नका. दोन दिवस तसेच राहू द्या. पकडताना दुखावलेले असतील ते या काळात मरतील, त्यांना काढून टाका. मग सारख्या आकाराचे निवडून प्रत्येक बरणीत १० घाला. एका उपायासाठी तीन बरण्या असाव्यात, पुरेसे ढेकूण नसतील तर निदान दोन.

काहीच न केलेली बरणी

लोक हीच पायरी गाळतात. जितक्या बरण्यांवर उपाय कराल तितक्याच बरण्या बिनउपायाच्या ठेवा. ढेकूण बरणीत आपोआपही मरतात. शेजारी साधी बरणी नसेल तर तेही मरण उपायाच्या खात्यात जमा होतं.

ही बरणी उपायाला साजेशी हवी. निंबाचं तेल पाण्यात मिसळायला साबण घालावा लागतो. साबणाचं पाणीही ढेकणाच्या अंगावर पडलं तर काही मारतं. म्हणून तेलाच्या बरणीशेजारी तितकाच साबण घातलेल्या, पण बिनतेलाच्या पाण्याची बरणी ठेवा. निंबाच्या पाल्याची परीक्षा असेल तर दुसऱ्या बरणीत पळसाचा किंवा आणखी कसला तरी ओला पाला तेवढ्याच वजनाचा घाला. आमच्या बरण्यांत निंबाच्या आणि पळसाच्या पाल्याखालचे ढेकूण आठवड्यानंतरही सारखेच जिवंत होते. नुसता निंबाचा पाला मी तेव्हापासून सोडला.

चार वेगवेगळे प्रश्न

"उपाय चालतो का" हा एक प्रश्न नाही. त्यात चार प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही.

पहिला, थेट अंगावर पडल्यावर मरतात का? बशीत ढेकूण ठेवा, स्प्रेच्या बाटलीनं ठरावीक अंतरावरून दोनच फवारे मारा आणि त्यांना कोरड्या कागदावर घेऊन बरणीत परत घाला. साध्या बरणीच्या ढेकणांवर उपायाचं द्रव्य नसलेल्या पाण्याचे दोन फवारे. तासाभरानं, २४ तासांनी, ७२ तासांनी आणि सातव्या दिवशी मोजा. उताणा पडलेला ढेकूण मेला असं लगेच लिहू नका. काडीनं हलकेच टोचा, पाय हलला तर तो जिवंत. बाजारातल्या अनेक फवाऱ्यांनी ढेकूण गळून पडतात आणि दुसऱ्या दिवशी चालायला लागतात.

दुसरा, वाळल्यावरही मरतात का? घरात हाच प्रश्न महत्त्वाचा. फटीतल्या ढेकणावर फवारा पोचतच नाही. तो रात्री बाहेर येतो तेव्हा वाळलेल्या थरावरून चालतो. प्लायवूडचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा भिजवा, एक दिवस सावलीत वाळवा आणि मग त्यावर ढेकूण सोडा. पहिल्या परीक्षेत पास झालेले बहुतेक घरगुती फवारे इथं नापास होतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१४ साली वनस्पतितेलांची ९ आणि डिटर्जंटची २ अशी बाजारातली ११ औषधं तपासली. थेट अंगावर फवारूनही त्यातली फक्त दोनच ९० टक्क्यांहून जास्त ढेकूण मारू शकली. ती तर तयार करून विकलेली औषधं होती. आपण लवंग-कापूर घालून केलेल्या तेलाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्यावरून ठरवा.

तिसरा प्रश्न, पळून जातात का? मोठ्या ताटात मधोमध रेघ मारा. दोन्ही बाजूंना घडी घातलेला एकेक कागद ठेवा, एक उपाय लावून वाळवलेला, दुसरा साधा. रात्री मध्यावर २० ढेकूण सोडा आणि सकाळी कोणत्या कागदाखाली किती बसलेत ते मोजा. ताट साबणाच्या पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवायला विसरू नका. दुसऱ्या रात्री कागदांच्या जागा बदला, कारण ढेकूण उजेडाच्या उलट बाजूला जातात आणि एकाच रात्रीचा निकाल फसवतो. नुसता पळवणारा उपाय मला तरी नको. बाजेवरून पळालेले ढेकूण बाजूच्या खोलीत, तिथून शेजाऱ्याकडे जातात.

चौथा, अंडी मरतात का? अंडी चिकटलेला कागद किंवा लाकडाचा तुकडा कापून घ्या, भिंगानं मोजा, अर्ध्यांवर उपाय करा आणि १४ दिवस थांबा. फुटलेल्या अंड्याचं झाकण उघडं असतं आणि टरफल पारदर्शक दिसतं. हा निकाल लागेपर्यंत कोणत्याही उपायाला चांगला म्हणू नका.

राख आणि चुना याच चौकटीत तपासता येतात. भुकटी ढेकणाच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते, मग तो आतून सुकतो. डायटोमेशियस अर्थ नावाची माती असंच काम करते. पण भुकटीची परीक्षा उन्हाळ्यात एकदा आणि झडीच्या दिवसांत एकदा, अशी दोनदा घ्या. भुकटीत ओल आली की तिचा जोर कमी होतो. राख प्रत्येक लाकडाची वेगळी असते, म्हणून तुमच्या चुलीचीच वापरा. पातळ थर द्या आणि भुरभुरताना नाका-तोंडाला रुमाल बांधा.

हिशेब

समजा उपायाच्या तीन बरण्यांत ३० पैकी ९ जिवंत राहिले आणि साध्या तीन बरण्यांत ३० पैकी २७. २७ मधून ९ वजा करा, १८ उरले. त्याला २७ नं भागून १०० नं गुणा. उत्तर ६७ टक्के. १९२५ साली ॲबट नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं हे सूत्र मांडलं आणि अजून प्रयोगशाळांत तेच वापरतात. साध्या बरण्यांतलेच २० टक्क्यांहून जास्त मेले असतील तर मात्र तो प्रयोग मोडीत काढा. बरण्या तापल्या असतील किंवा ढेकूण आधीच अशक्त असतील, पुन्हा पकडा.

बरणीत ९० टक्क्यांच्या खाली राहिलेला उपाय मी बाजेपर्यंत नेत नाही. उरलेले दहा टक्केसुद्धा दोन महिन्यांत घर भरतात.

उष्णता : आपल्याकडचं खरं औषध

सासूबाई पहिल्यापासून सांगत होत्या, "औषधापायी पैसे नोको घालू व. बाजीच्या खुट्यात उकळतं पानी सोड, थेच खरं." त्यांचं म्हणणं मी सगळ्यात शेवटी तपासलं, आणि तेच सगळ्यात वर ठरलं.

४५ अंश सेल्सियसला मोठा ढेकूण साधारण दीड तासात मरतो, पण त्याच तापमानाला अंड्यांना सुमारे ७ तास लागतात. ४८ अंशांना अंडी सव्वा तासात जातात. ५० च्या वर वेळ झपाट्यानं कमी होतो. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो. टिनावर, फरशीवर तो कितीतरी वर जातो. मग वर्षानुवर्षं बाज उन्हात टाकूनही ढेकूण का जात नाहीत?

उघड्या उन्हात ते थांबत नाहीत. बाज तापायला लागली की खालच्या बाजूला, सांध्यात, सावलीत सरकतात, काही जमिनीवर उतरतात. शिवाय कापसाची गादी ऊन आत जाऊच देत नाही. वरून हात भाजतो आणि पोटात मात्र ती गार राहते.

हे तपासायला तारेला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, कोंबडीची अंडी उबवायच्या पेटीला लावतात तसला. तापाचा थर्मामीटर ४२ अंशांपर्यंतच असतो आणि जास्त तापला तर फुटतो. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्यांत पाच-पाच ढेकूण आणि अंड्यांचा एकेक तुकडा घालून तोंडाला कापड बांधा. एक बाटली गोधडीच्या घडीच्या अगदी मध्ये ठेवा, एक वरच्या घडीत, आणि तिसरी घरात माठाजवळ, तुलनेसाठी. थर्मामीटरची तार मधल्या बाटलीला टेकवा. आता सगळं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा मल्चिंग पेपरमध्ये गुंडाळून तोंड घट्ट बांधा आणि सकाळी दहापासून टिनावर किंवा फरशीवर ठेवा. दर तासानं आकडा लिहा, दुपारी एकदा गाठोडं उलटवा.

आमच्याकडे नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत एकेक गोधडी सैल घडी घालून ठेवली तेव्हा मधला आकडा ५० च्या वर जाऊन टिकला आणि मधल्या बाटलीतलं काहीच वाचलं नाही. चार गोधड्या एकत्र बांधल्या त्या दिवशी वरच्या बाटलीतले मेले आणि मधले संध्याकाळी चालताना दिसले. ऊन तेच, पिशवी तीच, फक्त जाडी बदलली. मध्यभाग ५० च्या वर निदान दोन तास राहिला तरच ते गाठोडं झालं असं समजा. कापसाची गादी या रीतीनं होत नाही. ती उसवून कापूस पातळ पसरावा, काळ्या प्लास्टिकनं झाकावा, खोळ उकळावी आणि मगच गादी पुन्हा भरून घ्यावी.

उकळत्या पाण्याचंही असंच. गंजातून, म्हणजे पातेल्यातून, लांबून ओतलेलं पाणी सांध्यात पोचेपर्यंत निवतं. किटलीची चोच सांध्याला टेकवून सावकाश सोडा. सुतळी सोडवून वेगळ्या गंजात दहा मिनिटं उकळा. दिवसभर वाळवून चौथ्या आणि बाराव्या दिवशी पुन्हा सोडा, म्हणजे सुटलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लंही सापडतात. बाज अंगणात घ्या, लेकरांना लांब ठेवा, पायात बूट असू द्या.

फ्रीजरचा उपाय उणे १८ अंशांना सलग चार दिवस ठेवता आलं तरच चालतो. एका दाराच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याचं तापमान आधी मोजून बघा. त्यात वीज जाते तो वेळही धरावा लागतो.

बाजेवरची परीक्षा

बरणीत पास झालेला उपाय खोलीत नापास होऊ शकतो. डांबरगोळीचा वास बंद बरणीत कोंडतो, कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात तो तासाभरात उडून जातो. म्हणून शेवटची पारख झोपायच्या जागी.

एकाच घरातल्या, शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोन बाजा निवडा. दोन्ही भिंतीपासून वीतभर लांब घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका. प्रत्येक खुराखाली वाटी ठेवा. परदेशात असे सापळे कोरडे आणि गुळगुळीत असतात. भारतात सर्रास सापडणारा सिमेक्स हेमिप्टेरस हा ढेकूण मात्र गुळगुळीत भिंत चढून जातो, हे २०१७ साली प्रयोगातून दिसलं आहे. त्यामुळे आपल्या वाट्यांत साबणाचं पाणी हवंच. रोज सकाळी पडलेले मोजून वहीत लिहा.

पहिले १४ दिवस काहीच करायचं नाही, फक्त मोजायचं. मग दोन्ही बाजा सारख्याच झाडून घ्या, आणि एकीवरच उपाय करा. नुसत्या साफसफाईनंही आकडा उतरतो. दुसरी बाज नसेल तर ते श्रेय उपाय घेऊन जातो. पुढचे सहा आठवडे मोजणी चालू ठेवा. तिसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा चढला तर समजा अंडी वाचली होती.

अंगावरच्या गांधी मोजू नका. काहींना ढेकूण चावल्याचं अंगावर दिसतच नाही, काहींना गांधी कित्येक दिवसांनी उठतात, आणि डासाच्या-पिसवांच्याही तशाच दिसतात. ढेकणानं रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लेकराला झोप नसेल आणि खाजवून जखमा चिघळल्या असतील तर परीक्षा थांबवून आधी त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि दोन्ही बाजांना उकळतं पाणी घाला.

घेवड्याच्या पानांचा उपाय इथंच, बाजेभोवती तपासायचा. युरोपातल्या बाल्कन देशांत पूर्वी रात्री पलंगाभोवती घेवड्याची ताजी पानं पसरत आणि सकाळी अडकलेल्या ढेकणांसकट जाळत. पानाच्या आकड्यासारख्या बारीक केसांत ढेकणाचे पाय रुततात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पानं मारत नाहीत, फक्त पकडतात, आणि सुकली की निकामी होतात. तो राजम्याच्या जातीचा घेवडा आहे. आपल्या कुंपणावरचा वाल वेगळा वेल आहे, त्याची पारख स्वतंत्र करा. एका बाजेभोवती घेवडा, दुसरीभोवती वाल पसरा आणि सकाळी भिंगाखाली मोजा.

परीक्षा संपली की बरण्या उघडू नका. कापडासकट उकळत्या पाण्याच्या गंजात बुडवा, अर्धा तास तशाच ठेवा, कागदाच्या पट्ट्या चुलीत घाला. ब्रश आणि पोस्टकार्डही त्याच पाण्यात. वहीत उपाय, तारीख, त्या दिवशीचं तापमान आणि चारही प्रश्नांचे आकडे असतील, तर पुढच्या वर्षी बिछायत घरात यायच्या आधीच काळी पिशवी आणि किटली काढून ठेवता येईल.